घूं, टक् आणि फट् : कर्लीकाठच्या एका स्टुडिओचं प्रकरण

गेल्या वर्षी आषाढात कुडाळ तालुक्यातून एका मुलाचा फोन आला. घर वालावलच्या बाजूला, कर्ली नदीच्या काठी. वडील भजनी बुवा. पडवीला लागून नवी खोली काढून मुलाने तिथे छोटा स्टुडिओ मांडला होता आणि गणपतीआधी वडिलांच्या भजनाच्या दोन बाऱ्या ध्वनिमुद्रित करून द्यायच्या होत्या. तक्रार एका शब्दाची होती : "खरखर." दोन वर्षं खरखर येत होती. केबली बदलून झाल्या होत्या, विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं होतं, बावीस हजारांचा दुसरा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज संगणकात नेणारी पेटी, घेऊन झाला होता. खरखर होती तिथेच होती.

त्याने व्हॉट्सअॅपवर चाळीस सेकंदांची क्लिप पाठवली. ती ऐकून मी अंदाज बांधला की यूएसबीतून वीज पुरत नसेल. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअरच मिळतात. त्यावर फँटमचे, म्हणजे इंटरफेसकडूनच वीज घेणारे, दोन माईक ओढायला लागले की काही इंटरफेस दमतात. त्याला वेगळ्या विजेचा यूएसबी हब घ्यायला सांगितला. त्याने घेतला, आणि काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण आठ इनपुटच्या त्या इंटरफेसला स्वतःचा अडॅप्टर होता आणि मी ते विचारलंच नव्हतं. त्याचे पैसे माझ्या घाईमुळे गेले, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. शिवाय फोनवर घेतलेल्या आणि व्हॉट्सअॅपमधून आलेल्या आवाजावर निदान करायचंच नसतं. फोन अनेकदा स्थिर गुणगुण दाबून टाकतो आणि पाठवताना होणाऱ्या आकुंचनात बारीक खुणा पुसल्या जातात. मूळ वेव्ह फाइल मागवायला हवी होती. ती न मागता मी सावंतवाडीहून एसटी पकडली आणि सकाळी त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो.

खोली चिऱ्याची, वर मंगलोरी कौलं, आतून गाद्या आणि जुन्या गोधड्या लावून आवाज मारलेला. काम नेटकं होतं. लॅपटॉपवर रीपर हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम, आठ इनपुटचा इंटरफेस, बुवांसमोर मोठ्या कॅप्सुलचा कंडेन्सर माईक, तसाच दुसरा पखवाजावर, पेटीला आणि झांजेला लहान कंडेन्सर, कोरसला दोन साधे डायनॅमिक. तंबोऱ्याचा सूर मंडळाच्या मिक्सरमधून यायचा. मिक्सर ओटीवर ठेवलेला असायचा, कारण तो भजनाला नेण्या-आणण्यासाठी दाराशी बरा. हा मिक्सर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी एक जुनी बारी लावायला सांगितली. गजर चढत होता आणि मध्ये मध्ये ती खरखर. मुलगा म्हणाला, "हीच." पखवाजी, म्हणजे बुवांचा पुतण्या, दाराला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "ह्यो एक आवाज नाय. तीन आसत."

मी त्याला ते तीन आवाज म्हणून दाखवायला सांगितले. त्याने पखवाजाचे बोल म्हणावेत तसे म्हणून दाखवले : एक लांब "घूं", एक कोरडा "टक्", आणि एक जाड, ओला "फट्". दोन वर्षं ज्याला सगळे खरखर म्हणत होते, त्याचे तीन तुकडे दोन मिनिटांत झाले. आम्ही वही घेतली, तीन रकाने पाडले आणि वर हेच तीन बोल लिहिले. त्यानंतर दिवसभर खरखर हा शब्द आम्ही वापरला नाही.

पहिली चाचणी अशी होती की तिला पैसा लागत नाही आणि तरी ती कुणी करत नाही. एकच तुकडा तीनदा वाजवायचा. आवाज प्रत्येक वेळी त्याच जागी आला तर तो फाइलमध्ये आहे, म्हणजे ध्वनिमुद्रण होतानाच घुसला. जागा बदलत राहिली तर फाइल चांगली आहे, वाजवताना यंत्रणा अडखळते आहे. घूं आणि फट् प्रत्येक वेळी त्याच जागी आले. टक् काही ठिकाणी ठरलेल्या जागी, काही ठिकाणी भटका. म्हणजे टक् घेतानाही होत होता आणि वाजवतानाही.

दुसरी चाचणी : एकेक ट्रॅक एकटा वाजवून कोणता आवाज कुठे आहे ते पाहायचं. घूं फक्त मिक्सरमधून आलेल्या तंबोऱ्याच्या ट्रॅकवर. फट् फक्त बुवांच्या आणि थोडा पखवाजाच्या माईकवर. टक् मात्र सगळ्या ट्रॅकवर, अगदी एकाच क्षणी. लहरी मोठ्या करून पाहिल्या तर प्रत्येक ट्रॅकची रेघ एकाच नमुन्यापाशी, म्हणजे संगणकाने घेतलेल्या आवाजाच्या एकाच मोजमापापाशी, तुटलेली, जणू दोऱ्याला कात्री लावली. सगळे माईक एकाच क्षणी बिघडत नाहीत. म्हणजे टक् माईकचा नाही, केबलचा नाही, सगळे ट्रॅक ज्या एका वाटेने संगणकात शिरतात त्या वाटेवरचा आहे.

तिसरी गोष्ट मुलाच्या नीटनेटकेपणामुळे हाती लागली. रीपरचं प्रत्येक प्रोजेक्ट त्याने तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. आम्ही दोन वर्षांची फोल्डरं उघडून वहीत खुणा करत गेलो. टक् बारमाही. घूं मार्चपासून वाढत जाऊन मेमध्ये सगळ्यात मोठा, मृग लागल्यावर जवळजवळ गायब. फट् बरोबर उलट : उन्हाळ्यात एकही नाही, जूनच्या मध्यापासून सुरू, ऑगस्टमध्ये कहर. ही वही समोर आल्यावर मला खरं तर यंत्रं उघडण्याचीही घाई राहिली नाही.

टक् आधी घेतला, कारण तो बारमाही होता आणि लगेच तपासता येत होता. रीपरमध्ये बफर, म्हणजे संगणक एका वेळी उचलतो तेवढा आवाजाचा साठा, 64 नमुन्यांवर ठेवलेला. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार नमुने घेताना, 64 नमुने म्हणजे 1.33 मिलिसेकंद. विहिरीवर एक जण पाणी शेंदतो आणि दुसरा कळशी नेऊन पाटात ओततो असं समजा. पाटाची धार तुटता कामा नये. कळशी जितकी लहान तितकं पाणी लवकर पोचतं, पण शेंदणारा क्षणभर जरी थांबला तरी धार तुटते. संगणकाला दर 1.33 मिलिसेकंदाला न चुकता कळशी भरून द्यायची होती. प्रोसेसर रिकामाच होता, टास्क मॅनेजरमध्ये तो पंधरा टक्क्यांच्या वर जात नव्हता, म्हणून मुलाला वाटत होतं की लॅपटॉपचा संबंध नाही. पण इथे सरासरी ताकद मोजून उपयोग नसतो. एखादा ड्रायव्हर मध्येच किती वेळ रेंगाळतो, ते मोजावं लागतं. त्यासाठी लेटन्सीमॉन नावाचा विंडोजवरचा प्रोग्रॅम आहे. तो दहा मिनिटं चालू ठेवला, तेव्हा थोड्या थोड्या वेळाने उंच खांब उठत होते आणि त्यांच्यासमोर एनडीआयएस हे नाव येत होतं. हा विंडोजमधला नेटवर्कचा भाग.

राउटर ओटीवर. मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती. खोलीत वायफाय जेमतेम पोचत होतं, तुटत होतं, आणि तुटलं की लॅपटॉप पुन्हा जाळं शोधायला लागायचा. प्रत्येक शोधाच्या वेळी ध्वनीचा ड्रायव्हर रांगेत मागे थांबायचा. वायफाय बंद केलं. खांब गेले. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं रेकॉर्ड करून पाहिलं : एकही टक् नाही.

सोबत पॉवर प्लॅन पूर्ण ताकदीवर आणला, यूएसबीची झोप बंद केली आणि बफर 256 केला. त्यावर मुलगा अडला. 256 केला की बुवांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, ते लय सोडतात, म्हणूनच त्याने 64 ठेवला होता. त्याचं म्हणणं बरोबर होतं. 256 नमुने म्हणजे 5.33 मिलिसेकंद, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणजे साडेदहाच्या वरच, त्यात कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. हवेत आवाज इतक्या वेळात बारा फूट जातो. बारा फुटांवरचा झांजवाला चालतो, पण स्वतःचा गळा बारा फुटांवरून ऐकू आला तर कोण गाईल? उत्तर त्याच्याच इंटरफेसच्या तोंडावर होतं. डायरेक्ट मॉनिटरचं बटण. त्याने माईकचा आवाज संगणकात न जाता तिथूनच हेडफोनकडे वळतो आणि बफर कितीही असला तरी गाणाऱ्याला काही कळत नाही. रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग तेवढं बंद करायचं, नाहीतर आवाज दोनदा येतो. दोन वर्षं ते बटण कुणी दाबलं नव्हतं.

दुपारी जेवणं झाली आणि फट् घेतला. मला या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो.

पखवाज खोलीत आणला होता. पुतण्या हातोडीने गठ्ठे ठोकून पुडी चढवत होता आणि वैतागत होता, कारण सकाळपासून तिसऱ्यांदा सूर उतरला होता. आषाढात पखवाजवाल्याचं अर्धं काम हेच असतं. कातडं हवेतलं पाणी पितं आणि सैल पडतं. ठोकता ठोकता तो म्हणाला, "पावसात पखवाजाची पुडी उतरता. ह्या माईकात पण पुडीच आसता ना?"

असते. कंडेन्सर माईकच्या कॅप्सुलमध्ये काही मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा असतो, त्यावर सोन्याचा मुलामा, आणि मागे केसभर अंतरावर धातूची चकती. या दोघांमध्ये विद्युतभार धरून ठेवलेला असतो. आवाजाने पडदा हलला की अंतर बदलतं, आणि त्या बदलाचा विजेचा इशारा होतो. हा भार गळू नये म्हणून सगळं कोरडं आणि स्वच्छ लागतं, कारण आतला रोध अब्जावधी ओहमचा असतो. ओलाव्याचा पातळ थर आणि त्यात खाऱ्या हवेतलं मीठ बसलं की भाराला चोरवाट मिळते. तो झिरपतो, अडतो, पुन्हा उडी मारतो. त्या उडीचा आवाज म्हणजे फट्. बुवांच्या माईकवर तो जास्त होता याचं कारणही सरळ आहे : चढ्या पट्टीत गजर म्हणणारा माणूस तासाभरात माईकवर किती वाफ सोडतो ते काच समोर धरून पाहावं. बाऱ्या रात्री घेत होते, पावसाची सर थांबली की. तेव्हाच हवा सगळ्यात जड. खोलीतला आर्द्रतामापक त्या रात्री 91 टक्के दाखवत होता.

खात्री करायला दोन माईकांच्या जागा बदलल्या. फट् माईकबरोबर गेला, चॅनलवर राहिला नाही. मग इंटरफेसवर संशय घ्यायचं कारणच उरलं नाही. बावीस हजारांचा दुसरा इंटरफेस या आवाजासाठी आणला होता.

उपाय असा केला. स्टीलचा मोठा, रबराच्या कडेचा घट्ट डबा. तळाला सिलिका जेलच्या पिशव्या, वर जाळी, जाळीवर माईक. दोन दिवस आणि दोन रात्री. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते कढईत मंद आचेवर फिरवून पुन्हा नारिंगी करायचे. घरातून आधी सुचलं होतं की तांदळाच्या डब्यात ठेवू, फोन भिजल्यावर ठेवतात तसा. नको. तांदळाची पूड जाळीतून आत गेली तर ती पडद्यावर बसते आणि तिथून ती काढणं आपल्या हातचं नाही. तसंच जाळी उघडून पडद्यावर फुंकर मारू नये, कापूस फिरवू नये, हेअर ड्रायर तर मुळीच लावू नये. मी असे दोन माईक कायमचे गेलेले पाहिले आहेत.

डब्यातून काढल्यावर पखवाजावरचा माईक पूर्ण शांत झाला. बुवांचा जवळजवळ शांत झाला. जवळजवळ, म्हणजे तासाभराने एखादा फट्. म्हणून तीन बदल आणखी केले. माईक कामापुरताच डब्याबाहेर काढायचा आणि काम संपल्यावर स्टँडवर विसरायचा नाही. बुवांसमोर पॉप फिल्टर, म्हणजे श्वासाचा झोत अडवणारी जाळी, एक वीत पुढे. आणि खोलीतला एसी बारीच्या आधी दोन तास चालवून सुरू होताना बंद करायचा. एसी गारव्यासाठी असतो असं सगळ्यांना वाटतं, पण स्टुडिओत त्याचं मोठं काम हवा सुकवण्याचं आहे. दोन तासांनी काटा 62 वर आला होता. पखवाजाचीही पुडी त्या रात्री एकदाच चढवावी लागली.

घूं उरला. तो जुलैत जेमतेम ऐकू येत होता, म्हणून तो मी जुन्या फोल्डरमधून तपासला. मेमधल्या फाइलवर वर्णपट, म्हणजे कोणती कंपनसंख्या किती मोठी ते दाखवणारा आलेख, लावला तर 50 हर्ट्झ, 100, 150, असे खांब वरपर्यंत. घरातली वीज 50 हर्ट्झची, तेव्हा पाहुणा ओळखीचा. मग मी बुवांना सहज विचारलं की उन्हाळ्यात गाताना ओठांना कधी काही जाणवलं का. ते म्हणाले, हो, जाळीला ओठ लागला की मुंग्या येतात, त्यांना वाटलं माईक असेच असतात.

हे ऐकून मी सगळं काम थांबवलं. मुंग्या येणं ही ध्वनीची तक्रार नाही. ती जिवाची गोष्ट आहे.

नवी खोली बांधताना तिला वेगळा अर्थिंगचा पाईप ठोकला होता, जुन्या घराचा वेगळा. ओटीवरचा मिक्सर जुन्या अर्थिंगवर, लॅपटॉपचा चार्जर आणि इंटरफेस नव्यावर, आणि दोघांना जोडणारी साधी असंतुलित केबल, जिची बाहेरची जाळीच आवाजाची परतीची तार असते. जांभ्याचा कातळ सुकला की वीज जिरवून घेत नाही, त्यामुळे मेमध्ये दोन्ही पाईप जवळजवळ नावालाच उरायचे आणि दोन जमिनींमधला फरक केबलच्या जाळीतून वाहायचा. तोच घूं. पावसाने कातळ भिजला की फरक मिटायचा. तरी भर पावसात दोन्ही सॉकेटच्या अर्थपिनांमध्ये मीटरने 4 व्होल्ट दाखवले.

मुलाने एका व्हिडिओत पाहिलेला उपाय मला विचारला : चार्जरची अर्थची पिन काढून टाकली तर गुणगुण जाते ना? जाते. आणि बिघाड झाला तर विजेला जमिनीत जायची वाट उरत नाही, ती माईकच्या जाळीतून गाणाऱ्याच्या ओठातून जाते. हे मी त्याला बुवांसमोर सांगितलं, मुद्दाम. पिन कुणीही, कधीही काढायची नाही.

गावातल्या परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्याने जुन्या जागी मोठा खड्डा घेऊन कोळसा आणि मीठ घालून प्लेटचं अर्थिंग केलं, दोन्ही खोल्यांच्या अर्थवायर एकत्र बांधल्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला दोन कळश्या पाणी घालायचं. स्टुडिओची सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणली. मिक्सर आणि इंटरफेसच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरचा साधा डीआय बॉक्स घातला, त्यातून आवाज जातो पण ग्राउंड लिफ्टचा स्विच लावला की दोन्हीकडच्या जमिनी तारेने जोडल्या जात नाहीत.

निघायच्या आधी बुवांनी त्यांची एक जुनी बारी ऐकायला मागितली. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "ही माझी पट्टी नाय." मुलगा म्हणाला, तुम्हीच गायलात बाबा. बुवा ऐकेनात. फाइल उघडून पाहिली : घेतली होती 44.1 किलोहर्ट्झला, आणि मधल्या कुठल्यातरी टप्प्यात ती रूपांतर न करता 48 म्हणून वाचली गेली होती. तसं झालं की पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वराने चढते आणि तासाचं गाणं 55 मिनिटांत संपतं. दोन वर्षं ती बारी लोकांच्या फोनवर फिरत होती. बुवांनी ती पहिल्यांदाच नीट ऐकली होती. आम्ही वहीत चौथा रकाना पाडला आणि प्रोजेक्ट, इंटरफेस आणि विंडोज तिन्हीकडे 48 करून टाकलं.

बाऱ्या चतुर्थीच्या बारा दिवस आधी पूर्ण झाल्या. टक् परत आला नाही. घूंची खरी परीक्षा या वर्षी मेमध्ये झाली, तेव्हा मी मुद्दाम फोन करून तंबोऱ्याच्या ट्रॅकची मूळ वेव्ह फाइल मागवली. 50 चा खांब पार्श्वभूमीत बुडालेला होता, आणि बुवांच्या ओठांना मुंग्या नव्हत्या. फट् अजून सुटलेला नाही. बुवांच्या त्या माईकच्या कॅप्सुलमध्ये मीठ बसलेलं असावं, कारण डब्यातून काढल्यावर तो पहिला तासभरच नीट चालतो. यंदा जूनमध्ये मुलाने त्याच्या अंगावर मार्करने "फट्" लिहून तो डब्यात बंद केला आहे. पावसाळ्यात बुवा कोरसमधला एक डायनॅमिक माईक घेऊन गातात, त्यात भार धरलेला पडदा नसतो, आणि वरचे स्वर थोडे मंद आले तरी बुवांची त्याला हरकत नाही. दिवाळीनंतर कॅप्सुल बदलायला पाठवायचा आहे.